झाड सोडा आधी

"झाड सोडा आधी, मग बोला!" आबांचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं.

जनावरांची डॉक्टर म्हणून माझी सोलापूरहून सांगोल्याकडच्या एका गावात बदली झाली होती. दवाखान्यापुढे मोठा कडुनिंब होता. त्याच्या सावलीत मी मेंढ्यांना लस टोचत होते. मे महिन्यातली दुपार, आभाळात कुठे एक काळा पुंजका. एवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्या धनगराच्या बंडीच्या खिशात फोन केकाटला. त्याने तो डोळ्यांशी नेला, वीज पडेल म्हणून काठी उगारली आणि मला, कंपाउंडरला, मेंढ्यांना, सगळ्यांनाच दवाखान्यात पिटाळलं.

लेंड्यांच्या वासात आम्ही बराच वेळ कोंडून बसलो. वीज राहू द्या, पावसाचा थेंबही पडला नाही.

"आबा, कुटं पडली वीज?" कंपाउंडर हसत म्हणाला.

"न्हाय पडली न्हवं? मग त्वांड ग्वाड कर की!" आबांनी बंडीतून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

आपलं म्हणणं खोटं ठरलं की माणसं खट्टू होतात. आबांना उलट आनंद व्हायचा. तुम्ही असा माणूस पाहिला असेल तर सांगा; मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांची मुलगी सोलापुरात नर्स होती. विजेचा इशारा देणारं ॲप तिनेच त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. आपण उभे असू त्याभोवती एक गोल दिसतो, आणि वीज जवळ येऊ लागली की तो लाल होतो. आबांना अक्षरं जेमतेम लागायची, पण लाल रंग कळायला शाळा कशाला लागते? अडचण एकच, ओढ्याकाठी रेंज नसायची. म्हणून पावसाळी दिवसांत आबा मेंढ्या ओढ्याकडे नेतच नसत.

"तिकडं चारा हिरवागार आहे, आबा," मी एकदा म्हटलं.

"चारा कमी आसला तरी चालतंय, बाई. रेंज पायजे."

पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. उघड्या रानात लोखंडी खांबांचा मांडव. मीही गेले होते. मंगलाष्टकं सुरू व्हायला आली आणि आबांचा फोन केकाटला. ते थेट भटजींपाशी गेले. त्यांच्या हातातला माइक घेऊन म्हणाले, "उठा समदी. शाळंत चला."

भाऊ धावत आला. "आबा, मुहूर्त टळंल!"

"मुहूर्त दुसरा गावंल. पोरगी दुसरी गावंल का?"

मग नवरीच आधी उठली. शालू सावरत ती शाळेकडे निघाली, तेव्हा वऱ्हाडालाही उठावंच लागलं. थोड्याच वेळात वारा सुटला, मांडव फाटला, पाऊस कोसळला. विजा कडाडल्या, पण लांब, ओढ्यापलीकडे. मांडवावर एकही पडली नाही. पंगतीचं अन्न मात्र चिखलात गेलं, आणि लग्न शाळेच्या वर्गात, फळ्यापुढे लागलं. व्याह्यांनी भावाला नको नको ते सुनावलं. भावाने आबांशी बोलणं टाकलं.

तरी त्याच्या रानाकडे ढग सरकले की आबा त्याला फोन करायचेच. भाऊ फोन उचलायचा, ऐकायचा आणि काही न बोलता ठेवून द्यायचा.

"वाईट वाटत नाही?" मी विचारलं.

"उचलतोय की. लई झालं."

त्याच दिवशी मी न राहवून विचारलं, "आबा, तुम्हाला एवढी कसली भीती?"

ते काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिचं असंच झालं, बाई. आमी दोगं रानात व्हतो. पाऊस आला. तिच्या काखंत कोकरू व्हतं. मीच म्हनलं, चिंचंखाली थांब, भिजू नगंस. ती लई ऐकायची माजं."

उकरलेली माती त्यांनी पायाने सारखी केली आणि ते मेंढ्यांकडे वळले.

आबा आता नाहीत. मागच्या थंडीत ते घरात झोपेतच गेले. खांदा द्यायला सगळ्यात पुढे भाऊ होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परतीच्या पावसात. एका गाईचं बाळंतपण उरकून मी मोटारीने येत होते. माळावर एकाएकी अंधारून आलं. पाहते तर रस्त्यापासून थोड्या अंतरावर आबा आणि त्यांची मेंढरं. फोनने इशारा दिला असणार, पण वाडी लांब होती. बांधावर चांगली डेरेदार बाभळ होती. तिच्यापासून लांब, सखल जागी, मेंढरं विखरून आबा चवड्यांवर बसले होते. टाचा जुळवलेल्या, डोकं गुडघ्यांत घातलेलं, पाठीवर पाऊस.

मी काच खाली करून हाक मारली. त्यांनी मान वर केली. मला ओळखलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "गाडीतच बसा! काच लावा!"

मी काच लावली. पाऊस ओसरेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग हळूहळू उठले. गुडघे सरळ होईनात, तेव्हा स्वतःशीच हसले. घोंगडं पिळलं, तोंडाने चुकचुक आवाज काढला, आणि भिजलेली मेंढरं अंग झाडत एकेक करून त्यांच्याभोवती गोळा झाली.