पांढरे मोजे, नारिंगी मोजे

एर्मेलिंडा मावशीच्या अंगणात साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या असायच्या आणि त्यांच्याभोवती दिवसभर हमिंगबर्डची झुंबड. तिचे लाडके अंगठ्याएवढे हिरवे नर. शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकाला टिकल्या, आणि पायांत पिसांचे, कापसासारखे पांढरे मोजे.

"आमच्याकडे यांचे मोजे नारिंगी असतात," तिचा नवरा, एलिसेओ काका म्हणायचा. तो डोंगरापलीकडचा, पूर्वेच्या उतारावरचा. "ते पाखरू वेगळं."

"मोजे बदलले म्हणून माणूस बदलतो का रे? एकच आहेत."

पक्ष्यांच्या पुस्तकातही दोघांना एकच नाव होतं, त्यामुळे लग्नापासून हा वाद तीच जिंकत आली. सासरी मात्र तिने कधी पाऊल टाकलं नाही. लग्नाच्या पंगतीत सासूने तिला, इकडच्या सततच्या धुक्यावरून, "धुक्यातली पोरगी" म्हणून हिणवलं होतं. सासू गेली, अढी राहिली.

पुढे पक्ष्यांचा अभ्यास करणारी माग्दा कीटोहून आली आणि मावशीच्या मागच्या खोलीत राहिली. तिने दोन्ही उतारांवर पाखरांचे आवाज टिपले, रक्ताचे थेंब तपासायला नेले. दोन उन्हाळ्यांनी ती परतली ती हसतच.

"मावशी, आता त्यांना वेगळं धरायचं ठरलंय. इकडचा एक, पलीकडचा दुसरा. नुसत्या मोज्यांवरून नाही हं, आवाज, रक्त, सगळंच वेगळं निघालं."

काकाने टोपी छपरावर भिरकावली. "ऐकलंस? वेगळी जात!"

मावशी म्हणाली, "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी परजातीतल्या माणसाशी संसार केला?" आणि पोट धरून हसत सुटली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "चल, दाखव तुझं ते पाखरू."

टोपी छपरावरच सोडून काका बसची चौकशी करायला पळाला.

मीही गेले त्यांच्याबरोबर. घाट ओलांडून पोचलो, तर मावशीची नणंद क्लेमेंसिया दारातच उभी. तिने मावशीला घट्ट मिठी मारली आणि हात धरून परसात नेलं. तिथे लाल फुलांवर तो भिरभिरत होता, नारिंगी मोजेवाला. मावशी कितीतरी वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती शेवटी म्हणाली. "पण मोजे धुवायला झालेत."

"वहिनी, आमचा चिखलच तसला!" क्लेमेंसिया म्हणाली.

त्या संध्याकाळी गावात लग्न होतं. मावशी नणंदेबरोबर नाचायला उतरली आणि परतीची बस आमच्यासमोरून निघून गेली. ती थांबवायला कुणी हातसुद्धा केला नाही.