साठ परस वर

मुकुटबनच्या पलीकडच्या तांड्यावर लालसिंगाइतका चौकस माणूस दुसरा नव्हता. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेला, पण कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला की मेकॅनिकच्या आधी हा हजर. त्याची बायको सुखीबाई म्हणे, यम न्यायला आला तरी हा माणूस आधी रेड्याची चौकशी करील.

अशा माणसाला तिने एकट्याला हैदराबादला धाडलं, ही तिचीच चूक. काम एकच होतं, पोराला घरी आणायचं. सुनील तिथे चाळीस मजली इमारतीवर सळया बांधायला लागून सात महिने झाले होते. त्याने वरून काढलेला फोटो मोबाईलवर आला, त्यात रस्त्यावरचे ट्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढे दिसत होते. सुखीबाईने फोन पालथा घातला आणि त्या दिवसापासून नवऱ्यामागे टुमणं लावलं. पोरगं गावात बकऱ्या राखेल, पण जमिनीवर पाहिजे.

लालसिंग आदिलाबादहून बसने गेला. इमारतीपुढे उभा राहून त्याने पहिला प्रश्न विचारला, तो पोराच्या तब्येतीचा नव्हे. "हे खाली किती गेली हाय?"

शेजारच्याच प्लॉटवर तसल्या दुसऱ्या इमारतीचा पाया खोदणं चाललं होतं. सुनीलने त्याला तिथे नेलं. लालसिंग काठावर बसला आणि त्याने खड्डा नजरेनेच मोजला. विहीर परसाने मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. खड्डा आठ परस भरला. तळाला पाणी लागलं होतं आणि माणसं ते पंपाने गटारात सोडत होती. गावच्या विहिरीला आठ परसांवर पाणी लागलं तेव्हा तांड्याने बकरा कापला होता. इथे पाणी लागलं म्हणून मुकादम शिव्या घालत होता. हसावं की रडावं, लालसिंगाला कळेना.

मग वरचं मोजमाप. चाळीस मजले म्हणजे साठ परस. एवढी विहीर त्याने ऐकलीही नव्हती. पाण्यासाठी माणूस खाली जातो हे ठीक, पण वर कशासाठी? तिथे राहणार कोण, भांडी घासायचं पाणी चढणार कसं, कुणी मेलं तर तिरडी उतरवणार कशी? जेवण होईस्तोवर त्याने पोराला भंडावून सोडलं. घरी चल, हे सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी सुनील कमरेला पट्टा बांधून गेटवर रांगेत उभा राहिला. दोराचा आकडा त्याने स्वतःच लावला. लालसिंगाला ते पाहवेना. विहिरीचा कायदा असा की, उतरणाऱ्याने आपली गाठ आपण मारू नये. त्याचं ध्यान तळाकडे असतं. गाठ काठावर राहणाऱ्याने मारायची. लालसिंगाची गाठ त्याचा भाऊ धनसिंग मारत असे. म्हणून पोरगा नको नको म्हणत असताना म्हाताऱ्याने पुढे होऊन आकड्यावरून विहिरीची दुहेरी गाठ आवळली.

सुपरवायझरने ती पाहिली आणि सुनीलला रांगेबाहेर काढलं. आकडा उघडलाच नाही तर वर जागोजागी अडकवणार काय? गाठ सुटेपर्यंत वर जायचं नाही, म्हणाला.

विहिरीची गाठ ती. सहज सुटती तर लालसिंग आज जिवंत नसता. सोबती लिफ्टने निघून गेले. सुनीलने जरा वेळ नखांनी खटपट केली आणि मग सोडून दिली.

"राहू दे बा," तो म्हणाला. "गावालेच जाऊ. याडीले सांग, तुह्यं पोरगं येऊन राह्यलं म्हनून."

ज्यासाठी आला होता ते आयतं पदरात पडत होतं. पण आज वरचा शेवटचा स्लॅब होता आणि पोराची नजर तिथून खाली येत नव्हती. लालसिंगाच्या ओळखीची होती ती नजर. विहिरीला पाणी लागायच्या दिवशी त्याची स्वतःची अशीच होत असे. त्याला पोराचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

तो खाली बसला आणि त्याने दातांनी गाठ सोडवली. रामधन नावाचा एक जोडीदार सुनीलसाठी मागे थांबला होता. त्याने सुनीलचा आकडा ओढून पाहिला, मग पुन्हा एकदा ओढला. ते दोघं एकमेकांचा आकडा रोजच असा पाहत. लालसिंगाने ते नीट बघून घेतलं.

"जाय," तो म्हणाला.

दुपारपर्यंत तो समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहून वर पाहत होता. मान अवघडली. ठिपक्यांतला आपला कोणता, काही केल्या कळेना. चहा मागवला तो तसाच राहिला. आणि चाळीस वर्षांच्या संसारात कधी न पडलेला एक प्रश्न या चौकस माणसाला तिथे पडला.

त्याने सुखीबाईला फोन लावला. पोरगा येत नाही, मीच त्याला वर धाडला, हे आधी सांगून टाकलं.

"मी इहिरीत उतरो," त्याने विचारलं, "तवा तुले कसं वाटे?"

सुखीबाईला विचार करावा लागला नाही.

"तुमी वर येईलोक पानी नाई उतरे माह्या घशाखाली," ती म्हणाली. "आज इचारून राह्यले?"