सुतकातले ब्लाउज

साकोलीत मी बायकांचे ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि इथेच मी फसले. दुकानाला शटर असतं, घराला नुसतं दार. दार उघडं दिसलं की गिऱ्हाईक आत, बंद दिसलं तर मागच्या अंगणातून आत. जेवत असले तर "होऊ द्या ताई, सावकाश होऊ द्या" म्हणतात आणि मापाचा ब्लाउज ताटाशेजारी ठेवतात. एकीनं तर मी न्हाणीत असताना बाहेरून गळा केवढा खोल हवा ते सांगितलं. आधी मी हे हसत हसत सांगायचे.

मागच्या लगीनसराईत एका नवरीच्या आईनं घरच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडे टाकले. सकाळी चहाच्या आधी तिचा फोन, भाजी फोडणीला टाकली की फोन. त्याच दिवसांत माहेराहून, कारध्याहून, भावाचा फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं.

"ताई, माय तुले विचारून राहिली. लवकर ये."

मी नवरीच्या आईला कळवलं की आई फार आजारी आहे, माहेरी जाऊन येते. ती म्हणाली, "म्हातारं माणूस हाय ताई, पडते अन् उठते. माह्या पोरीचं लगन का दोनदा होणार हाय?"

तरी मी निघाले. भंडाऱ्याची बस समोर लागली होती आणि पिशवीत तिचा फोन वाजला. नवरी नागपूरहून आजच्यापुरती आली आहे, माप आजच घ्या. "गाड्यांचं का हाय, मागून दुसरी भेटते." मी मुकाट्यानं परत आले. लगीनसराईत गिऱ्हाइकाचं एक घर तुटलं की त्याच्या मागची चार घरं तुटतात, हे शिवणाऱ्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. नवरी दुपारची झोप काढून सावकाश आली. माप होईस्तोवर अंधार पडला. सकाळी निघू म्हटलं, आणि पहाटेच भावाचा फोन आला. तो नुसता रडत होता.

वैनगंगेच्या काठावर सगळं उरकून घरी परतत होतो, तेव्हा पुन्हा नवरीच्या आईचा फोन. मी म्हटलं, आई गेली.

"कापड कापलं का?"

"कापलं."

"शिवलं तर नाई ना? मंग आता हात नोका लावू. लगनाचं कापड हाय, सुतकातल्या हाताचं चालत नाई. मी कोणाले तरी पाठवून घेऊन जातो."

साकोलीच्या घराची किल्ली शेजारणीकडे होती. कापलेले तुकडे तसेच गाठोड्यात बांधून गेले.

लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस. त्या तीन दिवसांत एकाही गिऱ्हाइकाचा फोन नाही, जणू माझा नंबरच सगळ्यांनी पुसून टाकला होता. मी भावाच्या ओसरीवर रिकामी बसून होते. आई असताना यातला एक दिवस मला पुरला असता. तेव्हा तो कोणी दिला नाही, आणि मेल्यावर सगळे कसे शहाण्यासारखे दूर राहिले. मला याचा संताप येतो, अजूनही.

चौथ्या दिवशी घरी येऊन मशीनवरची धूळ पुसत होते, तर नवरीची आई दारात. दुसऱ्या शिवणारणीनं बाही बिघडवली होती. "सुतक फिटलं ना आता?" म्हणत आत येऊन तिनं ब्लाउज अंगात घातलाही. मी टाचण्या ओठांत धरून बाही बेतू लागले.

ती आरशात बघत म्हणाली, "लय वाईट झालं ताई. पण माय एवढी बिमार हाय म्हणून मले सांगायचं होतं ना. मी थांबली नसती का?"

सांगितलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं, पण ओठांत टाचण्या होत्या. एकेक करून साऱ्या तिच्या बाहीला लावल्या. तोंड मोकळं झालं तेव्हा विचारलं, "संध्याकाळी नेता का?"