तारकर्लीच्या रापणीतले भांडवलवादी

“भांडवलवादी म्हणजे कोण, ता पयला सांग. मगे बोंब मार!”

तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या मीटिंगमध्ये ‘भांडवलवादी मुर्दाबाद!’ ही माझी घोषणा अशी अर्ध्यात तुटली. बोलणारी आवडाकाकी, मासे विकणारी विधवा. मी मच्छीमार युनियनचा नवा प्रचारक. खिशात पॅम्फ्लेटं, अंगात आग. मुंबईच्या एका शेठने रापणीसाठी अख्खं नवं नायलॉनचं जाळं देऊ केलं होतं. घ्यायचं की नाही, ते त्याच मीटिंगमध्ये ठरणार होतं.

रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं लांबलचक जाळं. प्रत्येक घर आपला तुकडा आणून जोडतं. माशांचे वाटे दोन: एक ओढणाऱ्याचा, एक जाळ्याचा, म्हणजे तुकडा ज्या घराचा त्या घराला.

मी म्हटलं, “काकी, भांड म्हणजे जुन्या भाषेत व्यापाराचा माल. त्यावरून भांडवल, धंद्यात घातलेली पुंजी. ती ज्याची, तो भांडवलदार. आणि पुंजीवाल्याने न राबता वाटा घ्यावा हेच बरोबर, असं म्हणतो तो भांडवलवादी. मग त्याच्या स्वतःच्या खिशात दमडी का नसेना!”

वाळूत बसलेला शेठचा मुकादम खो खो हसला. “मगे ही आवडा पयली भांडवलवादी! घोव गेलो, हिचो हात दोरीक लागणा नाय, तरी जाळ्याचो वाटो घेता!”

सगळे हसले. काकी हसली नाही. नवऱ्यामागे राहिलेल्या तुकड्याच्या त्या वाट्यावरच तिची चूल पेटायची.

“माझो वाटो बंद करतलंस रे झिला?”

आमच्या पॅम्फ्लेटात छापलंच होतं: वाटा फक्त घामाला! मुकादमाने ते वाचलेलं होतं, लबाड कुठला. माझे कान तापले. पॅम्फ्लेट चुरगाळून मी ओरडलो, “होय, जाळ्याचा वाटा भांडवलाचाच! पण आज तो घराघरांत जातो. शेठचं जाळं आलं की तुमचे तुकडे माळ्यावर आणि जाळ्याचे सगळे वाटे एकट्या शेठला. मग तुम्ही नुसते ओढत बसा!”

रापणीचा प्रमुख, म्हातारा तांडेल, उठला. “मुकादमांनू, तुमचा जाळा परत घेवन जावा.”

काय जल्लोष झाला! काकीने माझ्या पाठीत धपाटा घातला. “ह्या पयलाच सांगूक काय झाला हुता?”

दुसऱ्या दिवशी युनियनच्या मालवणच्या ऑफिसात सेक्रेटरी लालबुंद. “भांडवलाच्या वाट्याची बाजू घेतलीस? तूच भांडवलवादी!”

“व्याख्येप्रमाणे आहे, साहेब. पण जाळं परत गेलं. पॅम्फ्लेट नवं छापा.”

छापलं, कुरकुरत. धडा एवढाच: शिवी फेकण्याआधी ती आपल्यातल्या कुणाला लागते ते बघून घ्यावं. भर सभेत कळलं की फार धावपळ होते.