वादळाची दोन नावं

कार्डिफच्या आमच्या घरात खालच्या पॅसेजमध्ये मी नाणी टाकायचा फोन बसवून घेतला होता. त्यावरून लोक मला नावं ठेवायचे. इथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरांच्या बायका हसून म्हणायच्या, "तुमच्याकडे यायचं म्हणजे पर्समध्ये चेंज घेऊनच निघायला हवं." हसू देत. त्यांच्या नवऱ्यांना या देशाने नोकरी देऊन बोलावलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी पावाच्या कारखान्यात सात वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो, मग मार्केटमध्ये बॅगांचा गाळा घेतला, आणि त्या गाळ्यातून हॉस्पिटलजवळचं हे उंच, अरुंद घर उभं राहिलं. वरच्या तीन खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू महिनाभर फोनवर गप्पा मारतात आणि बिल आलं की खोली सोडतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा पाहायची माझी तयारी नव्हती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात फोनचा दोष नव्हता. माझा होता का, यावर मी बरीच वर्षं स्वतःशी भांडलो.

मधल्या मजल्यावर फिलिपिन्सची एक बाई राहायला आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. हॉस्पिटलमध्ये वॉर्डात मदतनीस होती. माझी बायको तिथल्याच लाँड्रीत कामाला, तिनेच तिला आणलं. बायकोने तिला स्वतःला 'ताई' म्हणायला शिकवलं आणि मला 'भाऊजी'. दोन महिने ती भाऊजी हे माझं नावच समजत होती. भाड्याच्या पाकिटावर व्यवस्थित अक्षरात 'मिस्टर भाऊजी' लिहून ते दाराखालून सरकवायची.

खोली ठरवताना तिने माझ्याशी पाऊण तास घासाघीस केली होती. खिडकीची फट दाखवली, गालिच्यावरचा डाग दाखवला, गरम पाण्याचा नळ सोडून घड्याळाकडे बघत उभी राहिली. मी चिडलो, आवाज चढवला, ती ढिम्म. शेवटी भाड्यात मीच खाली आलो. मंडळातले लोक भाव न विचारता पैसे देतात आणि मग पाठीमागे लुटलं म्हणतात. तोंडावर भांडणारं माणूस मला आवडतं.

तिची आठ वर्षांची मुलगी तिकडे आजीपाशी होती, एका बेटावर, नदी समुद्राला मिळते तिथे. नवऱ्याबद्दल ती बोलत नसे, आम्हीही विचारलं नाही. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. पंधरा दिवसांतून एकदा ती सकाळी ड्यूटीच्या आधी नाण्यांची चळत घेऊन पॅसेजमध्ये उभी राहायची. तिकडे तेव्हा दुपार कलत आलेली असे. वाणी कुणाला तरी पिटाळून म्हाताऱ्या आईला बोलावून आणायचा, तोवर अर्धी नाणी गिळली जायची.

त्या गुरुवारी माझी पाठ धरली होती म्हणून मी घरी होतो. स्वयंपाकघरात पेपर घेऊन बसलो होतो. बाहेर तिचा आवाज मध्येच थांबला. नाणी संपली होती. ती आत आली.

"भाऊजी, पेपरात आमच्या वादळाचं काही आहे का?"

मी शोधलं. आतल्या पानावर, खाली, एक परिच्छेद सापडला. पॅसिफिकमध्ये टायफून आहे, फिलिपिन्सच्या पूर्वेला समुद्रावर आहे, उत्तरेला वळून तैवानकडे आणि पुढे जपानच्या बेटांकडे जाईल असा अंदाज आहे. त्याला एका इंग्रज बाईचं नाव होतं.

"हे नव्हे," ती म्हणाली. "आमच्याचं नाव वेगळं आहे. आई आत्ताच म्हणाली, सकाळपासून रेडिओवर सांगतायत." आणि तिने ते नाव उच्चारलं. शेवटी घंटा वाजून थांबल्यासारखा आवाज होता.

"मग तुमचं दुसरं असेल. धाकटं," मी म्हणालो. "मोठं असतं तर इंग्रजांनी छापलं असतं."

एक-दोन वर्षांपूर्वी दक्षिण इंग्लंडमध्ये वादळ झालं होतं, तेव्हा पडलेल्या झाडांचे फोटो पेपरात कितीतरी दिवस येत होते. ते माझ्या डोक्यात होतं. जे मोठं असतं ते छापून येतं, असा माझा समज होता. शिवाय मी कोकणातला, किनाऱ्यावर वाढलेला. बाप सुकी मासळी विकायचा. वाऱ्यातलं मला कळतं, हे मी त्या घरात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

"आई विचारतेय, निघायचं का. आत डोंगरात माझ्या थोरल्या भावाचं पक्कं घर आहे. जीपवाला येतो म्हणतोय, पण तिप्पट मागतोय."

"बघ, मी काय म्हणतो? घाबरलेलं गिऱ्हाईक दिसलं की भाव चढतो. उद्यापर्यंत थांब म्हणावं. उद्या हाच जीपवाला निम्म्यात नेईल."

माझी बायको कोटाची बटणं लावत होती. "अहो, जाऊ दे की त्यांना. दोन दिवस राहतील आणि येतील परत."

"तुला काय कळतं समुद्रातलं? तू घाटावरची. विहिरीतल्या लाटा बघितल्यास तू."

"विहिरीत पडून माणूस मरतंच की," बायको म्हणाली, आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेली.

ती बाई तिथेच उभी होती. तिकडे वाणी फोनपाशी तासभर थांबणार होता, हे तिने मला सांगितलं होतं. मी खिशातली नाणी काढून टेबलावर ठेवली. हे मी मुद्दाम लिहितोय. मी नाणी दिली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना, भाऊजी?"

"नक्की. उगाच म्हाताऱ्या बाईला हलवू नकोस."

तिने नाणी उचलली नाहीत. युनिफॉर्म सारखा केला आणि कामावर गेली.

शुक्रवारी पेपरात काही नव्हतं. मी ते तिला दाखवलंसुद्धा. शनिवारी होतं. मधल्या बेटांवर पूर, गावं वाहून गेली, माणसं गेली, आणि नाव त्या इंग्रज बाईचं. मी म्हटलं, हे ते दुसरंच आहे, तुमचं नाही. ती पॅसेजमध्ये जाऊन फोन फिरवू लागली. पलीकडे घंटीसुद्धा वाजत नव्हती. नुसती खरखर.

मी बैठकीतल्या माझ्या स्वतःच्या फोनपाशी तिला खुर्ची आणून दिली. नाणी नाहीत, काही नाही. चार दिवस ती कामावरून आली की तिथे बसायची आणि तोच नंबर फिरवायची. बायको तिच्यापुढे भात ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची. माझ्याशी बायको जेवढ्यास तेवढं बोलत होती.

पाचव्या दिवशी मीच सुचवलं की गोदीवर जाऊ. कार्डिफच्या गोदीत तेव्हाही जहाजं लागायची आणि त्यांवर फिलिपिनो खलाशी हमखास असायचे. आम्ही बसने गेलो. खलाशांच्या कँटीनमध्ये एका लाकूडवाहू जहाजाचा तरुण अधिकारी भेटला, तिच्याच बाजूच्या बेटांवरचा. दोघं त्यांच्या भाषेत बोलले. मग माझ्याकडे बघून तो इंग्रजीत बोलू लागला, जहाजावर गेला आणि हवामानाच्या यंत्रातून निघणाऱ्या नकाशांची गुंडाळी घेऊन आला. टेबलावर पसरून कोपऱ्यांवर चहाचे मग ठेवले. वादळाची वाट त्याने पेन्सिलीने काढली होती.

ती रेघ पूर्वेकडून आली होती. एका बेटावरून गेली, मग तिच्या बेटावरून, मग आणखी दोन-तीन बेटांवरून. त्यानंतर वर वळून तैवानच्या अंगाला घासत जपानकडे गेली होती. काठावर त्या इंग्रज बाईचं नाव छापलेलं.

"हे ते नव्हे," मी म्हणालो. "यांच्याकडचं दुसरं होतं." आणि ते घंटेसारखं नाव मी जमेल तसं उच्चारलं.

त्याला माझ्या उच्चाराचं हसू आलं. "एकच आहे, सर. हे नाव जहाजांसाठी, सगळ्या जगासाठी. आमच्या हद्दीत आलं की आमचे लोक त्याला घरचं नाव ठेवतात. खेड्यातल्या माणसाच्या परकं नाव लक्षात राहत नाही ना." मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याने नकाशावरचा एक मग उचलला. कागद आपोआप गुंडाळला गेला.

तिने एकच विचारलं. "वळलं कधी?"

"आपल्यावरून गेल्यावर."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मी मनात सगळं तयार करत होतो. अंदाज पेपराचा होता, माझा नव्हता. एका वादळाला दोन नावं असतात हे तिच्या देशातली असून तिला ठाऊक नव्हतं, तर मला कुठून असणार? नाणी मी दिली होती. ती एक शब्द बोलली असती तर मी हे सगळं तिच्यापुढे मांडलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती. आमच्या स्टॉपच्या आधी म्हणाली, "ताईंचं मीठ संपलंय. उतरून घ्यायचं का?"

आम्ही उतरून मीठ घेतलं.

त्या आठवड्यात मी पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतो. तैवानमध्ये डोंगर खचून रस्ते बंद झाले. जपानमध्ये विमानं रद्द झाली, शाळा सोडल्या. मग तिकडच्या समुद्रावर ते विरलं. फिलिपिन्सचं पुन्हा काही आलं नाही. ते होऊन गेलं होतं.

अकराव्या दिवशी भावाचा फोन आला. आई गेली होती. नदी घरात शिरली तेव्हा म्हातारीने नातीला उचलून शेजाऱ्याच्या सिमेंटच्या भिंतीवर बसवलं. तिला स्वतःला चढता आलं नाही. मुलगी सकाळपर्यंत भिंतीवर होती. ती आता मामाकडे, डोंगरातल्या घरी होती.

महिन्याभरात ही बाई कायमची परत गेली. तोवर माझ्याशी आधी वागायची तशीच वागली. मी चहा केला तर प्यायली. वॉर्डात सगळ्यांना तिने सांगितलं, भाऊजींनी फोन मोकळा सोडला, मला गोदीवर घेऊन गेले. ते फिरत फिरत मंडळात पोचलं. ज्या बाया पर्समधल्या चेंजवरून मला हसायच्या, त्याच आता म्हणू लागल्या, "फार केलंत हो तुम्ही तिच्यासाठी." मंडळाच्या जेवणात एका डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत त्याने माझ्या गाळ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. मी तो हात झटकला आणि जेवण टाकून निघून आलो. लोक म्हणाले, तऱ्हेवाईकच आहे.

माझी तक्रार तिच्याबद्दल होती आणि ती मी वर्षानुवर्षं जपली. खिडकीच्या फटीवरून पाऊण तास भांडणारी बाई. तिने मला एक तरी बोल लावायला हवा होता. ती शंभर म्हणाली असती, मी पन्नास म्हणालो असतो, कुठेतरी येऊन थांबलो असतो. तिने भावच सांगितला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, एका रविवारी, आम्ही दोघं गवार निवडत बसलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा बेटांवरच्या वादळाची बातमी लागली. मी तिच्याबद्दलचं नेहमीचं सुरू केलं. बायको म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं."

"काय?"

"भावाशी तिचं भांडण होतं. इकडे यायला त्याने विरोध केला होता, वहिनी नाही नाही ते बोलली होती. आईला त्याच्या दारात पाठवायचं तिला नको होतं. म्हणाली, ताई, तुम्ही जा म्हणालात, भाऊजी नको म्हणाले. मला 'नको'च ऐकायचं होतं."

मी शेंग खाली ठेवली. "कधी सांगितलं?"

"जायच्या आधी. तिच्या बॅगा भरताना."

"आणि तू आज सांगतेस? मी सात वर्षं..." माझा आवाज इतका चढला की वरच्या भाडेकरूने जिन्यावर दार उघडलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी प्रकरण मिटवून मोकळे झाला असता," ती म्हणाली. "तिचं तिच्यापाशी. तुम्ही 'नक्की' म्हणालात, ते तुमच्यापाशी."

मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही. बोलायला मुद्दा नव्हता म्हणून बोललो नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी गाळ्यावर बसून मी त्या बाईला पत्र लिहिलं. इंग्रजी माझं बाजारातलं. पाच-सहा ओळी. तू विचारलंस तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, तरी मी नक्की म्हणालो, ते चूक होतं, असं लिहिलं. भावाचं, भांडणाचं काही लिहिलं नाही. बायकोला वाचून दाखवलं. तिने पत्ता घातला.

उत्तर यायला तीन महिने लागले. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती, उंचीने आईच्या पुढे गेली होती. घर आता नदीपासून लांब बांधलं होतं. माझ्या त्या ओळींबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. मी दोनदा शोधलं, पाठीमागच्या बाजूलाही पाहिलं. शेवटी एवढं होतं: गेल्या महिन्यात रेडिओवर पुन्हा वादळ सांगितलं, तर आम्ही दोघी पहिल्याच दिवशी जीप करून भावाकडे गेलो. तिप्पट भाडं दिलं. तीन दिवस राहिलो. वादळ आलंच नाही, नुसतं ऊन होतं. वहिनी अजून हसतेय.