शिक्का धुतलेल्या लुगड्यावरच

नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आमचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला, त्या वर्षी श्री. गणपतराव धकाते यांची व माझी ओळख झाली. रामपायलीत त्यांनी विणकरांची सोसायटी नुकतीच काढली होती. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला चिटणीस केले.

पुढे मिलची लुगडी बाजारात आली आणि आमचे माग बंद पडू लागले. काही विणकर तिरोडीच्या खाणीवर गेले. अशा वेळी गोंदियाचा एक व्यापारी आला. विरळ विणा, जाड खळ द्या, वर सोसायटीचा शिक्का मारा, सगळा माल उचलतो, असे त्याचे म्हणणे. खळीने विरळ कापड भरीव दिसते. पहिल्या धुण्यात उघडे पडते.

सभेत माझे थोरले बंधू विठ्ठलराव उभे राहिले. "भाऊ, मागच नाही राह्यले त शिक्का काय चाटाचा हाय?"

गणपतराव म्हणाले, "विठ्ठल, वयनीसाठी लुगडं तू या मालातून काढशीन काय?"

मागून वहिनीच बोलल्या, "आनून त पाहा म्हना."

सभा हसली. बंधूही हसत खाली बसले. प्रत्येक ताण्यातले, म्हणजे मागावर एकदा चढवलेल्या उभ्या सुतातले, एक लुगडे सर्वांदेखत धुवायचे, टिकले तरच शिक्का, असे ठरले. व्यापारी निघून गेला. ते वर्ष कठीण गेले. गणपतराव स्वतः गठ्ठा घेऊन लांजीच्या बाजारात बसत आणि गिऱ्हाइकांसमोर लुगडी भिजवून दाखवत. हळूहळू लोक शिक्का पाहून घेऊ लागले. सगळे माग वाचले नाहीत. जे वाचले ते याच नियमाने, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या कार्तिकात बंधू वारले. नातेवाईक माग मोडायला सांगत होते. तेरवीनंतर गणपतराव आले आणि वहिनींना ताणा जोडून देत आठवडाभर बसले. वहिनींनी विणलेले पहिले लुगडे धुतले, तेव्हा वीण सरकली. या वेळी ते शिक्का मारतील असे सर्वांना वाटले. त्यांनी लुगडे घडी करून परत दिले. "वयनी, हे नाही चालत. उद्या येतो, कुठं ढिल पडते ते पाहू."

मला वाईट वाटले. घरी येताना वहिनी म्हणाल्या, "शिक्का मारला असता त मले वाटलं असतं, मले विनकर नाही, विधवा म्हनून पाह्यते."

दुसरे लुगडे टिकले, आणि त्यावर शिक्का उमटला.

आज गणपतरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, हातपाय धड राहोत, आणि आमचे कच्चे कापड परत करायला ते पुष्कळ वर्षे आमच्यात असोत.