माझ्या अक्षरातली शिफारस

बडोद्याच्या कॉलेजात तर्कशास्त्राच्या प्रोफेसरची जागा निघाली, तेव्हा एम.ए. होऊन तीन वर्षे मी मॅट्रिकच्या पोरांच्या शिकवण्या करत होतो. ही जागा हुकली तर पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता. आमच्याकडचे प्रोफेसर खुर्ची सोडत, ते बहुधा देहासकटच.

अर्जाला माझ्या जुन्या गुरुजींची शिफारस हवी होती. त्यांचा हात थरथरे, म्हणून दर रविवारी नागरवाड्यात जाऊन त्यांची पत्रे मीच लिहीत असे. ते सांगतात आणि मी उतरवतो, असा गावाचा समज. प्रत्यक्षात ते न वाचता सही ठोकत. माझी शिफारसही त्यांनी मलाच लिहायला लावली. स्वतःची आरती ओवाळणाऱ्यांची मला किळस होती. 'विषय जाणतो, वेळेवर येतो,' एवढेच मी लिहिले.

तेवढ्यात दुसरा उमेदवार आला. एका बड्या सरदाराचा भाचा, दोनदा आपटून कसाबसा एम.ए. झालेला. पायात करकरणारे विलायती बूट आणि डोक्यात, माझ्या माहितीप्रमाणे, काहीही नाही.

"याचंही लिही रे," गुरुजी म्हणाले. "जरा सढळ हातानं. मामा वाचणार आहेत."

माझे डोके फिरले. मी इंग्रजीत मनसोक्त टिंगल केली. तर्कशास्त्र शतकानुशतके याच तरुणाची वाट पाहत होते, त्याच्या मौनातही सिद्धांत असतो, वगैरे. कुणीही शहाणा माणूस हे वाचून पोट धरून हसेल आणि कागद टोपलीत टाकेल, अशी माझी खात्री होती. गुरुजींनी सही केली. भाच्याने वाचले आणि डोळे पुसले.

पंधरा दिवसांनी आम्हा दोघांना कॉलेजच्या कचेरीत मुलाखतीचे बोलावणे आले. आधी भाचा आत जाऊन आला. मग मी गेलो.

"आवो, बेसो," मुख्य साहेब म्हणाले. समोर दोन्ही पत्रे होती. भाच्याचे पत्र त्यांनी शेजारच्या दोघांना पुन्हा वाचून दाखवले, सावकाश, चव घेत. कुणीही हसले नाही. एकाने तर मान डोलावली. शहाणी माणसे कचेरीत असतात, हे मी कशावरून धरून चाललो होतो कोण जाणे!

"गुरुजी तेच," साहेब म्हणाले. "मग तुमच्याबद्दल त्यांना एवढंच का सुचलं?"

दोन्ही पत्रे माझीच, असे सांगितले असते तर म्हाताऱ्याची अब्रू गेली असती. मी गप्प बसलो. माझ्या मौनात मात्र कुणालाही सिद्धांत सापडला नाही.